अबोलीचा प्रश्न

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शहरातले सॉफ्टवेअर डेव्हलपर एका कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर जमायचे. संध्याकाळी सात वाजता सुरू होणारा कार्यक्रम नऊला संपायचा, आणि खऱ्या गप्पा त्यानंतर जिन्यात रंगायच्या. हा कारभार चालवायचे मास्तर. पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, मग प्रोग्रॅमिंगच्या नादी लागले आणि तिथेच रमले. माणूस मनाचा मोठा, पण स्वतःच्या आवाजावर जरा जास्तच प्रेम.

मावशी तिथे सहा वर्षं नेमाने जात होती. तिला मावशी म्हणायला सुरुवात मास्तरांनीच केली. पहिल्यांदा तिला राग आला होता, नंतर ते नाव अंगवळणी पडलं. बावन्न वर्षांची मावशी टेस्टर होती. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकून काढायच्या, हा तिचा धंदा. नवरा चारचौघांत सांगायचा, "आमच्या हिला लोकांच्या चुका काढायचा पगार मिळतो. माझ्या मात्र फुकट काढते."

त्या शनिवारी हॉलमध्ये चाळीस माणसं होती आणि त्यात बायका दोन. एक मावशी, दुसरी चहाचं बघणारी. वर्षभरापूर्वी सात-आठ जणी यायच्या. मावशीने मास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, "अहो मावशी, बोलावतो की सगळ्यांना. त्यांना रसच नसेल तर आपण काय करणार?"

मावशीने विषय तिथेच सोडला. पण कारण सापडल्याशिवाय कुठल्याही चुकीची नोंद बंद करायची नाही, हा तिचा सव्वीस वर्षांचा शिरस्ता होता. रविवारी सकाळी ती चहाचा कप आणि फोन घेऊन खिडकीपाशी बसली आणि येईनाशा झालेल्या एकेकीला फोन लावू लागली.

पहिलीने सांगितलं, सातची वेळ म्हणजे घरी स्वयंपाकाची आणि पोरांच्या अभ्यासाची वेळ. दुसरी जरा रागानेच म्हणाली, "त्या मजल्यावर बायकांच्या स्वच्छतागृहाला कायम कुलूप. किल्ली कोणाकडे, हे वॉचमनलाही ठाऊक नाही. एकदा अडचण झाली, तेव्हापासून कानाला खडा." मावशी चपापली. सहा वर्षं ती घरूनच सगळं आटोपून जात होती आणि त्यात काही गैर आहे हे तिला सुचलंही नव्हतं. दुसऱ्यांच्या चुका काढणारी मी, तिच्या मनात आलं, आणि ही माझ्या नाकासमोर!

शेवटचा फोन अबोलीला. ही सत्तावीस वर्षांची मुलगी रुग्णवाहिका केंद्रात काम करायची. कोणत्या गाडीने कोणत्या रस्त्याने जायचं, ते चालकाला पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर ती एकटी सांभाळत होती. कार्यक्रमाला यायची, ऐकायची, जायची. तोंडातून शब्द काढत नसे, म्हणून तिला हे नाव पडलं होतं.

"तू का येत नाहीस ग?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग अबोली म्हणाली, "मावशी, मी एकदा प्रश्न विचारला होता. आठ दिवस धीर गोळा करून. उत्तर मिळालं, पण माझ्याकडे बघून नाही. शेजारी बसलेल्या माणसाकडे बघून."

"कोण होता तो?"

"प्रोजेक्टर दुरुस्त करायला आलेला. बिचारा पाच मिनिटं मान डोलवत होता."

मावशीला हसू आवरेना. पलीकडे अबोलीही हसली, पण लगेच थांबली. मावशीचंही हसू मग ओसरलं.

"उत्तर कोणी दिलं होतं?"

"जाऊ दे ना, मावशी."

सोमवारी मावशीने मास्तरांच्या ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. कुलूप, वेळ, सगळं. मास्तर आधी फुरंगटले. "एवढं होतं तर बोलायचं की! आम्ही काय अंतर्यामी आहोत?" पण प्रोजेक्टरवाल्याची गोष्ट ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मावशी, उत्तर देणारा मीच होतो."

ते लपवू शकले असते. मावशीला त्यांच्याबद्दल त्या क्षणी वाटला तेवढा आदर सहा वर्षांत वाटला नव्हता. मास्तरांनी तिथल्या तिथे फोन लावला आणि आडपडदा न ठेवता माफी मागितली. अबोलीचं उत्तर फोनमधून मावशीलाही ऐकू आलं. "सर, माफीचं राहू द्या. माझा प्रश्न अजून तसाच आहे."

पुढच्या महिन्यात जागा बदलली. एका वाचनालयाची तळमजल्यावरची खोली, दुपारी तीनची वेळ. सकाळी मावशी स्वतः जाऊन स्वच्छतागृहाचं दार उघडून, नळ सोडून बघून आली. मुलांना आणलं तरी चालेल, असं निरोपात मुद्दाम लिहिलं. नऊ जणी आल्या. त्यात चार वर्षांच्या लेकीला घेऊन आलेली एक बाई होती. ती पूर्वी बसच्या वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर लिहायची, म्हणून मावशीच्या फोनमध्ये तिचं नाव 'बसवाली' असं होतं. बाळंतपणानंतर नोकरी सुटली ती सुटलीच. "मी नुसती ऐकायला आलेय हं," तिने दारातच सांगून टाकलं. "माझं सगळं आता गंजलंय."

मास्तरांनी त्या दिवशी भाषण केलं नाही. "आज एकच प्रश्न," असं म्हणून ते बाजूला झाले.

अबोली पुढे आली. खडू उचलला. तिने फळ्यावर नदी काढली, पूल काढला. पुलाची एक बाजू दुरुस्तीसाठी बंद होती. गाडीला नदीपलीकडच्या पेशंटकडे जाताना पूल वर्ज्य, पण पेशंटला घेऊन परत येताना मोकळा. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र रस्त्यासमोर एकच रकाना होता: चालू की बंद. चालू लिहिलं, तर गाडी चुकीच्या बाजूने पुलावर चढणार. बंद लिहिलं, तर परतताना पेशंटसकट अठरा मिनिटांचा वळसा. "जुने चालक पडद्याकडे न बघता पुलावरून येतात," ती म्हणाली. "नवे बिचारे पडद्यावर विश्वास ठेवतात."

खोलीत चर्चेला ऊत आला. कोणी म्हणालं, त्या पुलापुरता वेगळा नियम घाला. अबोली म्हणाली, "घातला होता. दुसऱ्या आठवड्यात बाजारातला रस्ता एका बाजूने बंद झाला. असे किती नियम घालू?"

तेवढ्यात मागून आवाज आला, "पण तो एक रस्ता आहेच कुठे?"

बसवाली उभी राहिली होती. सगळ्यांनी माना वळवल्यावर ती गडबडली. मावशी तिला म्हणाली, "बोल ग, थांबू नकोस."

"आमच्याकडे प्रत्येक रस्ता दोनदा लिहायचे. जाणारा वेगळा, येणारा वेगळा. बसला दोन्हीकडचे थांबे वेगळे असतात ना! जाणारा बंद करा, येणारा राहू दे. नियमच नको."

अबोलीने तिच्याकडे बघितलं, मग फळ्याकडे, आणि धावतच लॅपटॉपपाशी गेली. बसवाली तिच्या शेजारी जाऊन बसली. पुढचा तासभर दोघींची डोकी एकाच पडद्यावर होती. बसवालीची लेक मास्तरांच्या मांडीवर बसून त्यांच्या चष्म्याची वाट लावत होती आणि मास्तर ती लावू देत होते. मावशीने आपल्या सवयीने खुसपटं काढली: गाडी पुलाच्या मधोमध असताना रस्ता बंद झाला तर? दोन्ही बाजू बंद झाल्या तर? प्रत्येक वेळी दोघी एकदमच तिच्याकडे बघायच्या, "थांबा हं" म्हणायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या.

शेवटी पडद्यावर निळी रेघ उमटली. जाताना वळसा घालून, येताना सरळ पुलावरून. खोलीत टाळ्या पडल्या. अबोली म्हणाली, "यांचं आहे हे," आणि बसवालीचा हात धरून तिला उभं केलं. बसवालीने ओढणीने डोळे टिपले आणि ती म्हणाली, "अजून तिसऱ्या ओळीत एक चूक आहे."

नीट तपासून, तीन आठवड्यांनी तो बदल केंद्रात सुरू झाला. पहिल्याच दिवशी एका नव्या चालकाने पडद्यावरच्या रेघेवर भरवसा ठेवून छातीत दुखणाऱ्या एका बाईंना पुलावरून वेळेत आणलं. महिनाभरात केंद्राने बसवालीला मुलाखतीला बोलावलं आणि घेतलंही.

वाचनालयातल्या त्या शनिवारी संध्याकाळी मात्र यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. तिघी बसथांब्यावर उभ्या होत्या, पोर मावशीच्या खांद्यावर झोपलेली. चौकातला गोल रस्ता कसा लिहायचा, यावरून अबोली हातवारे करत तावातावाने भांडत होती आणि बसवाली तिला तितक्याच जोरात खोडून काढत होती. मावशीची बस आली. ती चढली नाही. पोरीचं डोकं तिने नीट खांद्यावर घेतलं आणि दोघींचं ऐकत उभी राहिली.