पंधरावा नग

“काका, ते पुडकं द्या इकडे. माझ्या खिशात राहील,” पोचव्या म्हणाला आणि कोटाचा आतला खिसा त्याने उघडून दाखवला.

पिशवीकाकांनी पुडकं आणखी घट्ट धरलं. तळहाताएवढंच होतं. खाकी कागद, उभाआडवा दोरा, आत गोळ्यांच्या बारा पट्ट्या.

“खिसे तपासतात,” ते म्हणाले. “पिशवीला कुणी हात लावत नाही.”

“चौदा वर्षं त्या सीमेवरच्या नाक्यावरून जातोय मी. अजून कुणी खिशात हात घातला नाही.”

“या वेळी घातला तर?”

पोचव्याने कोटाची बटणं लावली. काकांशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं, हे त्याला ठाऊक होतं. शिवाय वाटेत कुणाचीही खासगी वस्तू अंगावर बाळगायची नाही, हा नियम काकांनीच त्याला पहिल्या दिवशी पाठ करायला लावला होता. पिशव्या पोचवायच्या म्हणून तो पोचव्या, आणि त्या भरून बंद करायच्या म्हणून ते पिशवीकाका. काकांचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठे उरलं नव्हतं.

त्यांची खोली परराष्ट्र मंत्रालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखाली होती. वरच्या मजल्यांवर जगाच्या उलाढाली चालत आणि त्यांचे कागद शेवटी इथे येऊन पडत. परदेशातल्या आपल्या दूतावासांना जाणारी गोपनीय पत्रं इथे जाड कॅनव्हासच्या पिशवीत भरली जात, पिशवीचं तोंड सुतळीने आवळलं जाई आणि गाठीवर लाख ओतून पितळी शिक्का मारला जाई. अशी सीलबंद पिशवी कुठल्याही देशाने वाटेत उघडायची नाही, असा सगळ्या जगाचा करार आहे. एकमेकांच्या जिवावर उठलेले देशसुद्धा तो पाळतात, निदान पाळतो असं म्हणतात. काका हा करार स्वतः सही केल्यासारखा एकतीस वर्षं सांभाळत आले होते.

हुद्द्याच्या मानाने त्यांचा दरारा फारच मोठा होता. एका राजदूताच्या बायकोने नातवासाठी विणलेले लोकरीचे मोजे पिशवीतून पाठवायला खाली धाडले, तेव्हा काकांनी ते नीट घडी घालून, नियमाचा क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठीसह वर परत पाठवले. मोज्यांपेक्षा चिठ्ठीच मोठी होती, असं लोक बरेच दिवस हसून सांगत. टंकलेखिका बाईंची गोष्ट मात्र कुणी हसून सांगत नसे. परदेशात अंथरुणाला खिळलेल्या बहिणीला त्यांना आईच्या आवाजाची कॅसेट पाठवायची होती. तिथे टपाल पोचत नव्हतं, पिशवी पोचत होती. काका नाही म्हणाले. बहीण महिन्याभरात गेली. बाई त्यानंतरही रोज काकांच्या समोरच्याच टेबलाशी बसल्या, पिशवीत जाणाऱ्या नगांची यादी टाइप करत राहिल्या आणि साक्षीदार म्हणून खाली सही करत राहिल्या. कॅसेटचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही.

आणि आता तेच काका हातात पुडकं घेऊन उभे होते.

सोमवारी संध्याकाळी मुलीचा फोन आला होता. ही पिशवी जिथे जायची होती, त्याच शहरात ती नवऱ्याबरोबर राहत होती. तिथे तीन आठवडे गोळीबार चालला होता. विमानं बंद, दुकानं बंद, दवाखान्यात जखमींशिवाय कुणाला थारा नाही. मुलीला सातव्या वर्षापासून फिट यायच्या. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक, एवढ्यावर तिची शाळा, नोकरी, लग्न सगळं सुरळीत पार पडलं होतं. गोळ्या चुकल्या की काय होतं, हे घराने दोनदा पाहिलं होतं. दुसऱ्या वेळी ती सहा तास शुद्धीवर आली नव्हती. तिसऱ्या वेळची खात्री मी देणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

“बाबा, आजची घेतल्यावर वीस उरल्यात,” ती म्हणाली. “अर्धी अर्धी घेतली तर वीस दिवस निघतील.”

“अर्धी करायची नाही. डॉक्टरांनी सांगितलंय तशीच घ्यायची. दहा दिवसांच्या आत गोळ्या तुझ्या हातात पडतील. माझी जबाबदारी.”

फोन ठेवल्यावर बायकोने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. कशा पाठवणार, हे तिने विचारलं नाही. तिने उठून पुडकं बांधलं आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लेकीचं घरातलं नाव लिहिलं.

बुधवारी सकाळी बाईंनी चौदा नग टाइप केले. चौदाव्या नगात दोनशे कोरे प्रवासदाखले होते. तिकडे अडकलेल्या आपल्या माणसांना दूतावास ते भरून देणार होता, आणि मग त्यांना सीमा ओलांडता येणार होती. यादी संपली तरी काका टेबलासमोरून हलेनात. पुडकं यादीत न घालताच पिशवीत सरकवणं त्यांना अगदी सोपं होतं, पण ते त्यांच्या मनातही आलं नाही. यादीत नाही ती वस्तू पिशवीत नाही, हे त्यांच्या हाडीमासी खिळलं होतं.

“बाई, पंधरावा नग आहे,” ते म्हणाले.

बाईंनी पुडक्याकडे पाहिलं, पेन्सिलीतलं नाव वाचलं. “काय लिहू?”

“औषधं. खासगी.”

“खासगी लिहिलं तर साहेब काढायला लावतील.”

“पण खोटं कसं लिहायचं?”

बाई रागावल्या नाहीत. “मी तेव्हा तुम्हाला खोटंच लिहा म्हटलं होतं,” त्या म्हणाल्या. “ध्वनिफीत, कार्यालयीन. तुम्ही ऐकलं नाहीत.”

काकांचे कान तापले. माफी मागावी असं फार वाटलं त्यांना, पण इतक्या वर्षांची माफी एकदम तोंडातून निघेना. बाईंनी तोवर बोटं चालवली होती. ‘औषधे, एक पुडकं.’ खासगीही नाही आणि कार्यालयीनही नाही.

एकतीस वर्षांत एकाही साहेबाने ती यादी वाचली नव्हती. पेन काढायचं, सही ठोकायची, पेन बंद करायचं. नेमके याच वर्षी आलेले उपसचिव वाचणारे निघाले. पंधराव्या नगावर त्यांचं बोट थांबलं आणि काकांनी न विचारताच सगळं सांगून टाकलं. साहेब वयाने लहान होते, पण त्यांनी शांतपणे समजावलं. या पिशवीतून घरच्या वस्तू जातात अशी कुणकुण तिकडे लागली, तर पुढची पिशवी नाक्यावर उघडली जाईल. दोनशे माणसांचा प्रश्न आहे. प्रत्येक मुद्द्याला काका “बरोबर आहे साहेब” म्हणत होते. एक मुद्दा साहेबांकडून राहिला होता, तोही काकांनीच त्यांना सुचवला.

“काका, तुम्ही तुमच्या बाजूने बोलताय की माझ्या?” साहेबांनी वैतागून विचारलं.

“साहेब, एकुलती एक आहे,” काका म्हणाले.

साहेबांनी खिडकीकडे बघत सही केली.

काकांनी पुडकं पिशवीत अगदी वरती ठेवलं. सुतळी आवळली, गाठ मारली, लाख ओतली, शिक्का दाबला. लाख गरम असतानाच तिची कड अंगठ्याने सारखी करायची त्यांना सवय होती, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक सीलाच्या कडेला अर्धा अंगठा उमटलेला असे. लहानपणी मुलगी ऑफिसात यायची तेव्हा तो अंगठा शोधत बसायची. पिशवी पोचव्याच्या हातात देताना त्यांना तीन दिवसांत पहिल्यांदाच जरा मोकळं वाटलं. चार दिवसांत ती नाक्यावर, पाचव्या दिवशी दूतावासात. हिशेब बसत होता.

शनिवारी बातमी आली. तिकडचा आपला दूतावास बंद झाला होता आणि अधिकारी समुद्रमार्गे बाहेर पडले होते. त्याच दुपारी मुलीचा फोन आला, तोही अर्धामुर्धा. नूतनीकरणाला दिलेला तिचा पासपोर्ट दूतावासाच्या कपाटातच राहिला होता, त्यामुळे तिला बाहेर पडायची सोय नव्हती. “बाबा, आम्ही नाक्यावर जातो,” ती म्हणाली. “पिशवी तिथूनच येते ना?” काका हो म्हणाले. “मग तिथेच गाठतो,” ती म्हणाली, आणि फोन तुटला. त्यानंतर तिकडचे सगळेच फोन बंद पडले.

पुढचे दिवस कसे गेले हे सांगण्यात अर्थ नाही. बायको फोनजवळची खुर्ची सोडत नव्हती, जेवायचं ताटही तिथेच घेऊन बसे आणि तसंच परत नेई. काका रोज चार वेळा जिना चढून साहेबांच्या दाराशी उभे राहत. साहेब नुसती मान हलवत. शेजारच्या देशाला विचारलं, मदत संस्थांना विचारलं, कुणाला काही पत्ता नव्हता. गुरुवारी दहावा दिवस संपला. त्या संध्याकाळी गोळीच्या वेळेला नवरा-बायको दोघंही घड्याळाकडे बघायचं टाळत बसले होते.

त्यानंतरच्या सोमवारी पोचव्या जिन्याखालच्या खोलीत आला. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले. त्याने पिशवी टेबलावर ठेवली. दोन्ही हात तिच्यावर ठेवून तो उभाच राहिला.

“ताई भेटली,” तो म्हणाला. “जावईही होते.”

काकांनी टेबलाची कड धरली.

“गेल्या सोमवारी सकाळी आले. रस्त्यावर आडवी दांडी होती. पलीकडे ते, अलीकडे मी. पिशवी मी दांडीवरच टेकवली होती.” त्याने पिशवीकडे पाहिलं. “काका, ती दूतावासानेच फोडायची असते. दूतावासच उरला नव्हता. ऑफिसला फोन लागत नव्हता. घेणारा नसेल तर सील न फोडता परत आणायची, तुम्हीच शिकवलंय. दोन्हीकडचे शिपाई बघत होते. आत ते दाखले होते. जावईबापू हात जोडत होते, काका. मला धीर नाही झाला.”

“ती काय म्हणाली?”

“तुम्ही फोडू नका दादा, म्हणाली. तुमची नोकरी जाईल. मग लाखेवरून बोट फिरवलं तिने. हा बघा बाबांचा अंगठा, असं जावईबापूंना दाखवलं.” पोचव्याला पुढचं सांगवत नव्हतं, पण तो सांगत राहिला. “सात उरल्यात म्हणाली. बाबांना सांगा, मी अर्धी केली नाही. मंगळवारी तिकडच्या शिपायांनी पलीकडची सगळी माणसं मागे हाकलली. ट्रकमध्ये घालून नेली. पुढचं मला माहीत नाही.”

“बरोबर केलंस,” काका म्हणाले. 

एकतीस वर्षांची सवय होती, तोंडातून निघून गेलं. पण ते बोलल्यावर ते खुर्चीत बसले. पोचव्या भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. लांब, धिप्पाड माणूस, कोटाच्या बाहीने नाक पुसत होता. काकांना त्याचा राग आला नाही. बारा दिवसांपूर्वी त्याने उघडून दाखवलेला खिसा तेवढा त्यांना डोळ्यांसमोरून हलवता येईना.

बाई उठल्या. “काका, आज राहू दे,” त्या म्हणाल्या. “मी साहेबांना सांगते. दुसरं कुणी उघडेल.”

“बांधणाऱ्यानेच उघडायची,” काका म्हणाले. “तुम्ही यादी काढा.”

परत आलेल्या पिशवीची नोंद आधी रजिस्टरात करायची असते. तारीख, कुठून आली, कुणी आणली, आणि शेवटचा रकाना सीलाच्या स्थितीचा. काकांनी चष्मा पुसला आणि सील उजेडात धरलं. लाखेला चरासुद्धा गेला नव्हता. शिक्क्याची अक्षरं स्पष्ट होती, कडेला अर्धा अंगठा होता. वाटेत कुणी चोरट्याने, कुणा बेफिकीर शिपायाने ती पिशवी फाडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. त्यांनी रकान्यात लिहिलं, ‘शाबूत’. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

मग त्यांनी सील फोडलं. बाई यादी वाचू लागल्या आणि काका एकेक नग बाहेर काढून टेबलावर ठेवू लागले. सर्वांत वर पुडकंच होतं. ते त्यांनी बाजूला काढून ठेवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. प्रत्येक नगाला ते “मिळाला” म्हणत आणि बाई खूण करत. चौदावा नग आला. दोनशे कोरे दाखले, दोनशेही जागच्या जागी. तेही मोजून झाले.

“पंधरा,” बाई म्हणाल्या. “औषधे, एक पुडकं.”

“मिळालं,” काका म्हणाले.

बाईंनी खूण केली आणि कागद पुढे सरकवला. काकांनी ‘घेणार’ या शब्दाखाली सही केली. चौदा नग वरच्या मजल्यावरच्या कपाटात जाणार होते. पंधराव्याला कुठलंच कपाट नव्हतं. काकांनी पुडक्यावरची धूळ हाताने पुसली, पेन्सिलीतलं नाव एकदा पाहिलं आणि ते शर्टाच्या खिशात ठेवलं. खिशात ते सहज मावलं.