तुळईला तीन वेढे

रोसेंदाच्या कमरेत त्या शरदात एवढी कळ होती, की अर्धी काढून शेजारणीला दिली असती तरी दोघींना हिवाळाभर पुरली असती. सत्तरी उलटलेली बाई. पंधरा दिवस वर डोंगरात पेवेनच्या झाडांखाली वाकून वाकून त्याच्या बोटभर लांब बिया, पिन्योन, वेचले, चार पोती बैलगाडीत घालून खाली आणली. आता ते उकडायचे, सोलायचे, माळेत ओवून चुलीवरच्या तुळईला धुरात टांगायचे. तेव्हा कुठे हिवाळा निघतो. आणि हे सगळं करताना सात वर्षांची नात मालेन सारखी पायात पायात.

"चुचू, आई कधी येणार?"

आमच्याकडे आईची आई म्हणजे चुचू, आणि तिची नातही तिच्यासाठी चुचूच. एकच नाव दोघींत वाटून घ्यायचं. मालेनची आई एल्बा खाली खोऱ्यात सफरचंदं खोक्यांत भरायच्या कामाला गेली होती. आमच्या दक्षिणेत हिवाळा जूनला लागतो; त्याआधी, एप्रिलच्या वीस तारखेपर्यंत येते म्हणाली होती. पोर दिवसातून शंभरदा विचारी आणि रोसेंदा शंभरदा "येईल गं" म्हणे. एकशे एकाव्यांदा तिचे दोन्ही हात गरम पाण्यात होते, पाठ मोडून आली होती. ती म्हणाली, "ही माळ तुळईला तीन वेढे घालेल ना, त्या दिवशी तुझी आई दारात!"

"खरंच?"

"तर काय! माझ्या आजीनं एवढी लांब माळ केली होती, की तिनं ज्वालामुखीला बांधून ठेवलं होतं. तीन वर्षं हूं की चूं केलं नाही त्यानं."

"मग?"

"मग माळ उंदरांनी खाल्ली."

झालं. पोर बसली चुलीपाशी. जुना स्वेटर उसवून लोकर काढली, दाभणात ओवली. रोसेंदा उरल्यासुरल्या दातांनी सालं काढी, मालेन ओवी. दहा पिन्योन झाले की एक लाल पान, मग रानगुलाबाची दोन लाल फळं. पानं अंगणात पडलेली, फळं कुंपणावरची. घरात रंगीत कागदाचा कपटा नव्हता, पण माळ अशी सजली, की शेजारीण ओतिलिया म्हणाली, "ही खायची की नवरीला घालायची?"

"आईला घालायची," मालेन म्हणाली.

दोन वेढे पुरे झाले त्या शुक्रवारी बसवाला एलेउतेरिओ निरोप घेऊन आला. पोर ओढ्यावर होती म्हणून बरं. "एल्बानं सांगितलंय, सफरचंदं मे अखेरपर्यंत चालणार. तोवर सुट्टी नाही."

रोसेंदा दारातल्या ओंडक्यावर बसली ती बराच वेळ उठलीच नाही. पोरीला सांगायचं तर ताकद हवी. ती सगळी पोत्यांखाली गेली होती.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "चुचू, पानं मोजायची नसतात बरं का. वेढा नुसत्या पिन्योनांचा."

मालेननं मुकाट्यानं पानं काढली. माळ हातभर आखडली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, "फळंपण नाही चालत."

"का?"

"धुरात कडू होतात. आख्खी माळ कडू करतात."

मालेननं फळंही काढली. आजीकडे जरा जास्तच वेळ बघितलं, पण काढली. रोसेंदाला पिन्योन सोलायचा कंटाळा नव्हता. पण खोटं घरात पाळलं की त्याला रोज जेवू घालावं लागतं, आणि त्या जनावराचं पोट पोत्यातल्या धान्यानं भरत नाही.

मंगळवारी दुपारी तिसरा वेढा बसला. मालेननं तोंड धुतलं, केस ओले करून विंचरले आणि दारात जाऊन बसली. आई बसनं येते आणि बस बुधवारी नि शुक्रवारीच असते, हे ठाऊक असूनही बसली. उन्हं डोंगरामागे चालली तशी रोसेंदा मातेच्या कडू चहाचा पेला घेऊन तिच्याशेजारी टेकली.

"चुचू, आई येत नाही गं. सफरचंदं उरलीत. मे अखेरपर्यंत."

"कोण म्हणालं?"

"एलेउतेरिओ. शुक्रवारी."

"म्हणजे तू पानं काढायला लावलीस तेव्हा तुला माहीत होतं."

"होतं."

"आणि फळं?"

"तेव्हाही."

"ज्वालामुखीचंपण खोटं?"

"ज्वालामुखीचं खरं आहे," रोसेंदा म्हणाली. सवय कुठे जाते!

पोर हसली नाही. आत गेली, बाकावर चढून माळ खाली ओढली. रोसेंदाला वाटलं, आता चुलीत घालते. घालू दे. उठून अडवायचं त्राण तिच्यात नव्हतं.

पण मालेन माळ घेऊन बाहेर आली. "शाळेत बाईंनी सांगितलंय. आपल्या लोकांना पूर्वी सभेला बोलवायचं असलं, तर गाठी मारलेली दोरी पाठवायचे. रोज एक गाठ सोडायची. संपल्या की निघायचं."

"माझ्या आज्यानं बघितल्यात त्या दोऱ्या."

"आईला ही पाठवू. रोज एक खायचा. संपले की यायचं. किती दिवस राहिले? नीट सांग."

'नीट' हा शब्द पोरीनं असा टाकला, की रोसेंदाच्या जिभेवर आलेले थापांचे शंभर घोडे तिथंच थबकले. तिनं बोटांची पेरं मोजली. चुकली, पुन्हा मोजली.

"चाळीस. एक कमी नाही, एक जास्त नाही."

"आणि बर्फ पडून रस्ता बंद झाला तर?"

"ते मला माहीत नाही, चुचू."

असं उत्तर मालेननं आजीच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं.  तिनं चाळीस मोजून माळेवर सुरी फिरवली, टोकाला गाठ मारली आणि तुकडा आजीच्या मांडीवर ठेवला. "तू मोज."

रोसेंदानं मोजले. चाळीस भरले. मालेननं गाठ सोडून एक पिन्योन काढला आणि तोंडात टाकला.

"अगं!"

"बस उद्या आहे," मालेन चावता चावता म्हणाली. "आजचा दिवस आपल्याकडेच संपला ना?"