आकृत्या घरच्याच

कॉलेजच्या ग्रंथालयात तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मुलं तिच्या पाठीमागे दशांशबाई म्हणत, आणि मुलंच कशाला, शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे तेच म्हणत. कुणी पुस्तक घेऊन झेरॉक्सच्या मशीनकडे वळलं की बाई हजर. पुस्तकाचा दहावा हिस्सा मिळेल, त्याच्यावर एक पान नाही. परीक्षा तोंडावर आलीय हो बाई, असं कुणी काकुळतीला येऊन म्हणालं तर ती म्हणायची, परीक्षा तुझी आहे, पुस्तक दुसऱ्याचं आहे. एकदा एक दीडशहाणा दहा मित्रांची फौज घेऊन आला, प्रत्येकाला एकेक हिस्सा द्या म्हणाला. तिने त्या सगळ्यांना बसवून चहा पाजला आणि पुस्तक कपाटात ठेवून कुलूप लावलं.

घरी तरी वेगळं काय होतं? दिराने पुतण्याच्या वाढदिवसाची चित्रफीत करून त्याखाली सिनेमातलं गाणं लावलं, तर हिने ते काढायला लावलं. शेवटी दीर स्वतः गायला. त्याचा आवाज म्हणजे वाऱ्यात फडफडणारा पत्रा, पण फीत स्वच्छ झाली. नात्यातल्या गटावर कुणी कविता टाकली की हिचा प्रश्न ठरलेला, कुणाची? नवरा म्हणायचा, आमच्याकडे विनोद सांगायचा तर आधी तो कुणाचा ते सांगावं लागतं, तोवर हसू निघून जातं. पुढे पुढे नातेवाइकांनी तिला वगळून दुसरा गट काढला. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचाही तिला अभिमानच होता. जिथे सगळे हात मारतात तिथे एकाने तरी हात आखडावा, असं तिचं साधं गणित.

तर अशा या बाईकडे एक दिवस वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख आले. हातात एक जुनं पुस्तक, पुठ्ठा एकीकडे, पानं दुसरीकडे. खोड, मूळ, पान यांच्या छेदांचं पुस्तक. ग्रंथालयात त्याची एवढीच प्रत उरली होती आणि बाजारात तर ते कधीचंच मिळेनासं झालं होतं. विभागप्रमुख म्हणाले, नव्या पुस्तकांत रंगीत फोटो आहेत, पण फोटोत सगळंच दिसतं म्हणून काहीच कळत नाही. या पुस्तकातल्या आकृत्या बघा. निव्वळ ठिपके आणि रेषा, पण पेशीची भिंत कुठे जाड, कुठे पातळ, पोरांना एका नजरेत उमगतं. पुस्तक सबंध स्कॅन करून कॉलेजच्या संकेतस्थळावर टाकू. हात जोडून म्हणाले, "आणि मॅडम, यात तुम्हाला कसली अडचण? पुस्तक तर तुमच्या वडिलांचंच आहे."

होतंच. मुखपृष्ठावर अप्पांचं नाव ठसठशीत छापलेलं होतं. तिचे वडील याच कॉलेजात उभी हयात शिकवून निवृत्त झाले होते. पुस्तक हाती घेतलं की तिची मान अजूनही ताठ व्हायची. पण तिला हेही माहीत होतं की अप्पांनी छपाईच्या वेळीच सगळे हक्क प्रकाशकाला देऊन टाकले होते. ती म्हणाली, प्रकाशकाला विचारल्याशिवाय जमणार नाही. विभागप्रमुख दिङ्मूढ झाले. बापाच्या पुस्तकाला लेक आडवी येते, हे त्यांनी कुठे ऐकलं नव्हतं.

ते गप्प बसतात कसले! संध्याकाळी थेट अप्पांच्या घरी गेले. अप्पा हरखून गेले. निवृत्त माणसाला काय लागतं? आपण कुणाला तरी अजून लागतो, एवढं कळलं की पुरे. दुसऱ्या दिवशी लेक माहेरी आली तेव्हा ते नवा सदरा घालून बसले होते. प्रस्तावना नव्याने लिहायची, पोरांना भेटायला यायचं, सगळं त्यांचं ठरून गेलं होतं. तिने जीव घट्ट करून नाही म्हणून सांगितलं.

"माझंच पुस्तक, आणि मलाच बंदी?"

"तुम्ही ते देऊन टाकलंत अप्पा. दिलेलं परत आपलं म्हणता येत नाही. तुम्हीच शिकवलंत ना?"

अप्पांचा चेहरा असा पडला की तिला वाटलं, घालावा तो दशांश चुलीत आणि लावावं मशीन. पण मग उद्या कुठल्या तोंडाने पोरांना अडवायचं? आपल्यासाठी वाकवलेला नियम दुसऱ्यासाठी सरळ होत नाही. ती उठून आली. त्या दिवसापासून अप्पांनी तिच्याशी अबोला धरला. ती समोर बसलेली असताना ते बायकोला सांगत, तुझ्या मुलीला म्हणावं पंखा कमी कर. आई म्हणायची, ती बहिरी नाहीये हो. पण अप्पा खिडकीबाहेर बघत बसायचे. तिला रात्रंदिवस तेच खुपत होतं. वडील थकत चालले होते. हा अबोला असाच राहिला आणि पुस्तक असंच कपाटात फाटून गेलं, तर जन्मभर स्वतःला काय सांगणार होती ती?

प्रकाशकाला लिहिलं, उत्तर नाही. फोन केला, तो नुसता वाजत राहिला. मग रजा टाकून ती स्वतःच गेली. एका अरुंद जिन्यावर दोन खोल्या, दोरीने बांधलेले गठ्ठे छतापर्यंत रचलेले, खळीचा वास. मूळचे प्रकाशक गेले होते, आता त्यांची सून सगळं बघत होती. कापडाने गठ्ठ्यांवरची धूळ झटकता झटकता तिने सगळं ऐकून घेतलं आणि हसायलाच लागली. ती म्हणाली, आम्ही नाही कशाला म्हणू? माझ्या सासऱ्यांना तर या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची होती. मग काढली का नाही? तर तुमच्या वडिलांमुळे.

झालं होतं ते असं. सासरेबुवा मोठे काटेकोर गृहस्थ. मजकुराचे हक्क त्यांनी लिहून घेतले होते, पण आकृत्यांचं राहून गेलं होतं. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी त्यांनी विचारलं, आकृत्या काढल्या कोणी, त्यांची सही हवी. अप्पांनी कळवलं, आकृत्या घरच्याच आहेत.

"सासऱ्यांनी पुन्हा विचारलं, घरच्या म्हणजे कोणाच्या? घराला सही करता येत नाही. तुमच्या वडिलांना राग आला असावा, त्यांनी काही कळवलंच नाही. इकडे सासरे हट्टाला पेटले. दोघेही आपापल्या जागी बसून राहिले, आणि मध्ये पुस्तक मेलं. तुम्ही ती सही आणा मॅडम. पुढच्या महिन्यात छापते."

ती जिना उतरू लागली. आकृत्या कोणी काढल्या हे तिला शोधायला लागणार नव्हतं. ते तिने डोळ्यांनी बघितलं होतं. अप्पा प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक पिशवीत घालून घरी आणायचे. खाली आरसा असलेला जुना सूक्ष्मदर्शक, त्याला दिव्याचा नाही, उन्हाचा उजेड लागायचा. म्हणून दुपारी, भांडी आवरून झाली की आई खिडकीपाशी स्टूल ओढायची. एक डोळा नळीला आणि एक कागदावर. टोक केलेल्या पेन्सिली एका बाजूला ओळीने. ठिपका, ठिपका, ठिपका. मध्ये बोललेलं चालायचं नाही. लहानगी ती त्या स्टुलाच्या पायाशी खेळत बसायची. आणि मोठी होऊन ग्रंथपाल झालेली, चिठोऱ्यावरच्या ओळीलासुद्धा 'कुणाची?' म्हणून विचारणारी तीच मुलगी, ते पुस्तक इतकी वर्षं देत-घेत आली होती आणि या आकृत्या कुणाच्या हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

ती तशीच माहेरी गेली. आई मटार सोलत बसली होती, अप्पा त्यांच्या खिडकीपाशी. तिने प्रकाशकाच्या सुनेचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. अप्पा अबोला विसरून उसळले. म्हणाले, घरच्याच म्हणजे हिच्याच, हे काय सांगायला हवं? मी आणि ही काय वेगळे आहोत? ते मनापासून बोलत होते, त्यात कपट नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की एकच नाव दोघांना पुरतं. आईचे सोलणारे हात थांबले.

लेक आईच्या समोर बसली. ग्रंथालयात मोठ्या लेखकांशी बोलावं तशी नीट, सावरून बसली.

"आई, तुझ्या आकृत्या पुन्हा छापायच्या आहेत. त्या तुझ्या आहेत. तू परवानगी देशील का?"

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर नाही छापायच्या. विषय संपला."

आईने एक शेंग उचलली, सोलली, दाणे पातेल्यात टाकले. मग म्हणाली, विचार करून सांगते. यात विचार काय करायचाय, असं अप्पांनी विचारलं. आई म्हणाली, तेच बघतेय, विचार करायला कसं वाटतं ते.

आणि आईसाहेबांनी चांगला आठवडा काढला की हो! रोज अप्पा आडून आडून विषय काढत आणि रोज ती म्हणे, चाललाय विचार. विभागप्रमुखांचा फोन आला तर त्यांनाही तेच. आयुष्यभर या घरात काय शिजवू हे तिनेच विचारलं होतं, तिला मात्र कुणी काही विचारलं नव्हतं, आणि आता अख्खं कॉलेज तिच्या एका शब्दासाठी दाराशी खोळंबलं होतं. ती घाई कशाला करेल? लेकीला आधी गंमत वाटली, मग काळजी, आणि मग काळजीच्या वर एक निराळाच अभिमान दाटून आला. कपाटाची किल्ली कमरेला लावून पोरांना अडवणारी आपण, पण खरी मालकीण कशी असते ते आज दिसतंय, असं तिच्या मनात आलं.

शेवटी रविवारी सकाळी अप्पा खुर्चीवरून उठले. आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तिथे जाऊन उभे राहिले. लेक आत होती, तिला सगळं ऐकू येत होतं. अप्पांनी दोनदा घसा साफ केला. वर्गात शेकडो पोरांपुढे कधी न अडखळलेला माणूस तो.

"अगं, तेव्हाच विचारायला हवं होतं मी. तुझं नाव घालायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आता विचारतो. देशील का?"

आईने हातातला टॉवेल झटकला, दोरीवर टाकला, चिमटा लावला. मग म्हणाली, "देते. पण नाव माझं येईल. अमक्याची पत्नी नको, आभारात नको. मुखपृष्ठावर, तुमच्या नावाइतक्याच अक्षरांत. आणि मुळाची आकृती पुन्हा काढणार मी. त्या दिवशी आपली पोर तापाने फणफणली होती, घाईत उरकली होती ती. मला कायम खटकते."

अप्पा म्हणाले, कुठे खटकते? मला तर ती सगळ्यात चांगली वाटते. आई म्हणाली, म्हणूनच तुम्ही लिहायचं आणि मी काढायचं. आत लेकीला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदमच.

सही झाली. प्रकाशकाच्या सुनेने शब्द पाळला, आणि पुस्तक छापून येईपर्यंत कॉलेजला वापरायला लेखी मुभाही दिली. मुळाच्या नव्या आकृतीसाठी आई प्रयोगशाळेत आली. विभागप्रमुखांनी विजेच्या दिव्याचा नवा सूक्ष्मदर्शक पुढे केला, तर तिने तो बाजूला सारून आरशाचा जुना मागितला. खिडकीपाशी स्टूल ओढलं. आरसा फिरवून ऊन पकडलं. एक डोळा नळीला, एक कागदावर. तिने मनगट टेबलाला टेकवलं आणि सावकाश पहिला ठिपका टाकला. मुलं भोवती गोळा झाली. एरवी दंगा करणारी ती पोरं माना पुढे काढून ठिपके बघत होती. दशांशबाई दारात उभी होती. कुणाला अडवायला नव्हे, नुसतं बघायला.

एका मुलीच्या लक्षात आलं की मागे एक म्हातारे गृहस्थ हातात पेन्सिलीचा डबा धरून केव्हाचे उभे आहेत. तिने त्यांना खुर्ची दिली आणि हळूच विचारलं, आजोबा, तुम्ही कोण?

अप्पांनी टेबलावरच्या जुन्या पुस्तकाकडे बघितलं, मग खिडकीकडे.

"ते पुस्तक आहे ना, ते हिचं आहे," ते म्हणाले. "आकृत्यांच्या खालचं तेवढं मी लिहिलंय."

आईने कागदावरून डोळा न हलवता हात मागे केला, आणि अप्पांनी तिच्या हातात टोक केलेली पेन्सिल दिली.