या वर्षी बागियो नक्की

डिसेंबर लागला की फिलिपिन्समधल्या मालोलोसच्या त्या घरात डोंगरावरच्या बागियोचा विषय निघायचाच. रविवारी सगळी भावंडं जमली, जेवणं उरकली, की कुणीतरी म्हणायचं, "यंदा थंडीत वर जायचं बरं का सगळ्यांनी!" मग पाइनची झाडं, धुकं, तोंडातून निघणारी वाफ, स्ट्रॉबेरीचे मळे, सगळं बोलून व्हायचं. नको असं मात्र कुणी म्हणायचं नाही. तोंडावर नकार देणं बरं दिसत नाही. त्यासाठी 'बघू' होतं. आणि थोरला भाऊ रॉदेल, सगळ्यांचा 'कुया' म्हणजे दादा, एकदा 'बघू' म्हणाला की विषय ताटांबरोबर उचलला जायचा.

जोव्ही या घरची मधली सून. तिला काही बागियोचं वेड नव्हतं. तिचा जीव अडकला होता सासऱ्यांत. ताताय सिमो जन्मभर बागियोच्या बसवर ड्रायव्हर. गाडी वर न्यायची, स्टँडवर उभ्याउभ्या चार घास भात खायचा, नवी माणसं भरून खाली यायचं. एक रात्र त्या गावात काढली नाही. परवा ते तिच्या तान्ह्या लिकाला मांडीवर घेऊन सांगत होते, "तिथं एक तळं आहे, सोन्या. लोक होड्या चालवतात म्हणे."

म्हणे! दाराआड लंगोट घडी करणाऱ्या जोव्हीच्या काळजात तो शब्द रुतून बसला. आता तर जिना चढताना त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते. पुढच्या वर्षावर टाकण्यासारखी ही गोष्ट राहिली नव्हती.

म्हणून यंदा तिनं कुणाला विचारलंच नाही. सहल ठरली की घरातल्या सगळ्यांचे एकसारखे शर्ट छापून घ्यायचे, ही रीत. जोव्हीनं सहल ठरायच्या आधीच शर्ट छापले. लिका दुपारची झोपली की कोपऱ्यावरच्या छपाईवाल्याकडे धावत जायची आणि ती उठायच्या आत परत यायची. शर्ट भडक नारिंगी, पुढे पाइनचं झाड आणि मागे ज्याचं त्याचं नाव.

रविवारी जेवणं होताच तिनं गठ्ठा टेबलावर टाकला. एकच गलका झाला.

"अगं, माझं नाव बघ केवढं!"

"दिंदो, पोट आत घे. झाड फणसासारखं दिसतंय!" नणंद मायलीन धाकट्या भावाला म्हणाली.

"तुझं तर वळ्यांत झाडच दिसत नाहीये!"

बघू म्हणायला ज्यांनी तोंड उघडलं असतं त्यांचे हात एव्हाना बाह्यांत गेले होते. पाठीवर नाव छापलेला शर्ट परत कुणाला देणार? तातायनी तर तो बनियनवरच चढवला आणि फोटो काढायला बसावं तसे ताठ बसले.

कुया रॉदेलनं मात्र आपल्या शर्टाची नीट घडी केली. "बघू," तो म्हणाला आणि घडी काखेत मारून मागच्या अंगणात निघून गेला.

व्हॅन त्याची, चालवणार तो. दिंदोनं शर्ट अर्धा वर ओढलासुद्धा.

"कुणी काढायचा नाही!" जोव्हीनं बजावलं, लिकाला कडेवर घेतलं आणि थोरल्या दिराच्या मागे गेली.

"कुया, खरं काय ते सांगा."

"कामं आहेत गं."

"नाताळात?"

त्यानं उगाच नळ सोडला, बंद केला. "हसशील."

"नाही हसत."

"मला घाट सोसत नाही. दोन वळणं झाली की पोटातलं सगळं बाहेर. लहानपणी तातायनी एकदा बसमधून नेलं होतं. भरल्या गाडीत... सिमो ड्रायव्हरचा थोरला मुलगा, आणि घाटात ओकतो! मी काय व्हॅन चालवणार?"

"म्हणजे इतकी वर्षं सगळ्यांची सहल तुमच्या पोटात अडकली होती?"

त्यालाच हसू फुटलं. पण लगेच तो गयावया करत म्हणाला, "तातायना कळू देऊ नकोस."

जोव्हीनं मान वळवून हाक दिली, "ताताय! तुमच्या बसमध्ये लोक ओकायचे का हो?"

"रोज!" आतून खणखणीत आवाज आला. "चांगली शाळेची मुख्याध्यापिकासुद्धा! पिशव्या मीच वाटायचो. का गं?" आणि ते नारिंगी शर्टात दारापाशी येऊन उभे राहिले. मुलाचा चेहरा पाहताच त्यांना काय ते उमगलं. "रॉदेल? अजून होतं तुला?"

कुयानं मान खाली घातली.

"अरे, नवा होतो तेव्हा मीही खिडकीतून तेच केलंय. कंडक्टर सोडून कुणाला पत्ता नव्हता. आता तुला सांगितलं."

"व्हॅन राहू दे," जोव्ही म्हणाली. "बसनं जाऊ. आपल्यातलं कुणीच चालवायचं नाही. तातायसुद्धा प्रवासी."

कुयानं शर्टाची घडी मोडली, डोक्यावरून ओढला आणि फोन काढून तिथंच बसची तिकिटं बघायला लागला. झालं! सगळे अंगणात लोटले.

"खिडकी माझी!"

"गेल्या वेळी तुझीच होती!"

"गेल्या वेळी गेलो कुठे होतो आपण?"

जोव्ही ऐकत उभी राहिली. खिडकीवरून भांडणं जुंपली होती. आता ही सहल कुणाच्या बापाला मोडता येणार नव्हती.

"तातायना ड्रायव्हरच्या मागची देतो," कुया म्हणाला.

"नको. तिथं बसलो तर पाय सारखा ब्रेक दाबत राहील. मला मधली दे, खिडकीची. रस्ता पुष्कळ बघितला. दरी कशी दिसते ते बघायचंय."

इतका वेळ जिच्यासाठी ओढाताण चालली होती ती खिडकी दिंदो आणि मायलीन दोघांनीही एकदम सोडली.

"कुया, नक्की?" जोव्हीनं विचारलं.

"नक्की काय, काढली तिकिटं!" त्यानं फोन वर धरला, आणि अंगणात असा आरडाओरडा झाला की शेजारीण काय झालं म्हणून कुंपणाशी धावत आली.