बाराव्या परिच्छेदातली चूक

न्यायनिवाड्यांचे खंड छापणाऱ्या त्या कचेरीत त्यांना सगळे सारबाई म्हणत. साठ पानी निकालाचं चार ओळींत सार काढायचं, ते निकालाच्या डोक्यावर छापायला द्यायचं आणि खाली आपली आद्याक्षरं टाकायची, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. हिच्याशी भांडण्यात अर्थ नाही, तासभर बोललो तरी दोन ओळींत गुंडाळते, असं नवरा म्हणे. वकील आख्खा निकाल वाचतात असा आपला भाबडा समज असतो. बहुतेक जण सार वाचतात आणि पान उलटतात.

आता सार काढायला यंत्र आलं होतं. जुने निकाल आणि त्यांची सारं घालून त्याला शिकवणं चाललं होतं. यंत्राचं आणि माणसाचं जुळलं नाही, की बरोबर कोण ते सारबाईंनी ठरवायचं. पहिला आठवडाभर यंत्राच्या चुका पकडताना त्यांना मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोला?

मग एका दुपारी बावीस वर्षांपूर्वीचा निकाल समोर आला. कारखान्यात दगावलेल्या कामगाराच्या बायकोनं भरपाईचा अर्ज उशिरा केला होता. छापील सार म्हणत होतं, दोन वर्षांपुढचा उशीर कोणत्याही कारणानं माफ होत नाही. यंत्र नेमकं उलट सांगत होतं. बाईंनी हसतच मूळ निकाल उघडला. ते वाक्य बाराव्या परिच्छेदात होतं, पण ते कारखान्याच्या वकिलाचं म्हणणं होतं. न्यायाधीशांनी ते नुसतं नोंदवलं होतं आणि सतराव्या परिच्छेदात फेटाळून लावलं होतं. त्या विधवेला भरपाई मिळाली होती. साराखाली आद्याक्षरं सारबाईंचीच होती.

वकील काय म्हणाला आणि न्यायाधीश काय म्हणाले यात गल्लत करायची नाही, हे सारबाई नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवत. हे सार लिहिलं त्या दिवशी घाई होती, की घरी कुणी आजारी होतं? काही केल्या आठवेना. आठवलं असतं तर निदान एक सबब मिळाली असती.

हा निकाल पुढे कुठे वापरला गेला, ते त्यांनी यंत्रालाच विचारलं. अकरा खटल्यांत. अकराही ठिकाणी त्यांचं वाक्य जसंच्या तसं, आणि अर्ज नामंजूर. त्या अकरा घरांच्या बाजूनं मूळ निकाल उघडून बघायची तसदी कुणी घेतली नव्हती.

व्यवस्थापकांनी ऐकून घेतलं आणि आधी दार लावलं. संगणकावरचं सार आजच बदला, पण बोभाटा नको, लेखी तर काहीच नको, असं त्यांनी समजावलं. बाई चार महिन्यांनी निवृत्त होणार, जाता जाता शोभा कशाला करून घ्यायची?

"झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई," ते म्हणाले.

बाईंनी सार बदललं. मन मात्र ठिकाणावर येईना. शरम वाटत होतीच, पण त्या अकरा जणांची नावं डोळ्यांपुढून हलत नव्हती, हे जास्त जड जात होतं. चार दिवसांनी त्यांनी यादीतल्या पहिल्या बाईच्या वकिलाकडून घरचा नंबर मिळवला. फोन मुलीनं उचलला. आई तीन वर्षांपूर्वी गेली, असं तिनं सांगितलं आणि बाईंचं सगळं ऐकून घेतलं.

"आई म्हणायची, पुस्तकातच तसं छापलंय, म्हणजे आपलंच चुकलं," ती म्हणाली. "मग पुस्तक चुकलं होतं का?"

"पुस्तक नाही. मी चुकले."

बाई शिव्या खायच्या तयारीनं बसल्या होत्या.

"हे लिहून द्याल?"

बाईंनी कोरा कागद पुढे ओढला. चार ओळी झाल्या. खाली सवयीनं आद्याक्षरं पडली. ती खोडून त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं.