नलूचा ताप

नलूने कल्पिताला जे सांगितलं, ते काही दवंडी पिटायला नव्हतं. कल्पिता गावची आशाताई, त्यात सख्खी शेजारीण. मासळी सुकवायच्या खळ्यावर बायका सकाळपासून उन्हात, आडोसा म्हणून नाही. मग लघवीला जायला नको म्हणून पाणीच पीत नाहीत. त्यापायी नलूच्या लघवीतून रक्त गेलं, अलिबागला चार दिवस सलाईन लागलं. घरी तिने ताप सांगितला. सासरे हरेश्वर आणि नवरा विनेश यांच्यासमोर असलं बोलायचं कोणत्या तोंडाने? खळ्यावरच्या बायकांच्या दुखण्यांचा सरकारी फॉर्म भरताना कल्पिताने तिचा हात धरून शब्द दिला होता, नाव कुठे येणार नाही.

मग ग्रामसभा भरली. आरोग्याच्या निधीतून एकच काम होणार होतं. पुरुषांना डासांसाठी धुराचं यंत्र हवं होतं. कल्पिताने खळ्यावर संडास आणि पाण्याची टाकी मागितली, एकेचाळीस बायकांना त्रास आहे म्हणाली. कोणत्या बायका, असं विचारून पुढचे हसले. मागे बसलेल्या एकेचाळीस जणींपैकी एक तोंड उघडेल तर शपथ! नलूही मान खाली घालून बसली होती.

कल्पिताचा पारा चढला.

"नलूला विचारा की. अलिबागला होती तो ताप नव्हता. लघवीतून रक्त जात होतं तिच्या."

हसणं थांबलं. हरेश्वर उठून चालते झाले. नलूला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ठराव मात्र संडासाचाच झाला.

दोन महिन्यांत संडास उभा राहिला, टाकीही बसली. बायका पोटभर पाणी पिऊ लागल्या. तुमच्याच भल्यासाठी बोलले, असं कल्पिता सांगत फिरली. भलं झालंच, खोटं कशाला बोला? पण विनेश घरात कामापुरतंच बोलत होता, आणि नलूला राग नवऱ्याचा येत नव्हता. मेलीने हात धरून शब्द दिला होता. दुसऱ्या कुणी केलं असतं तर ती विसरलीही असती, पण हिने का करावं?

एका सकाळी कल्पिता नवा फॉर्म घेऊन दारात आली. यावेळी बायकांच्या छातीतल्या गाठी तपासायच्या होत्या. लवकर कळलं तर माणूस वाचतं, असं ती चहा पिता पिता सांगत होती. डाव्या बाजूची गाठ नलूच्या हाताला पंधरा दिवसांपासून लागत होती.

"तुना काय जाणवतं का गो?" कल्पिताने पेन उघडून विचारलं.

"मना काय न्हाय," नलू म्हणाली. "लिही तसं."