झाकणाविना राहिलेल्या पेस्टच्या डबीचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे आणि मी रागावलेली आहे. आपली कहाणी सांगताना डोळे पुसणाऱ्या वस्तू वेगळ्या. मला पुसायचं आहे ते दुसरंच.

माझ्या पोटात सोल्डरिंगची पेस्ट असते. शिकलेले लोक तिला फ्लक्स म्हणतात. रंग पिवळट, आणि तापल्यावर वास असा की पाहुणे न सांगता खिडकी उघडतात. माझं काम साधं आहे. तांब्याच्या तारेवर चढलेला मळ मी खाते, मग तारा जोडणारा वितळलेला धातू, म्हणजे सोल्डर, तिथे शहाण्यासारखा बसतो. पण मला थांबायचं कळत नाही. काम झाल्यावर पुसून टाकलं नाही, तर मळ संपल्यावर मी तांबं खायला लागते. यात लपवाछपवी काहीच नाही. कारखान्याने माझ्या झाकणावरच छापलं होतं : 'कामानंतर जोड स्वच्छ करावा. झाकण घट्ट लावावे.'

माझ्या मालकाने पहिल्याच दिवशी ते झाकण उलटं ठेवलं आणि त्यात स्क्रू भरले.

मालक दिवसभर विमा कचेरीत फायली सरकवतो आणि सुट्टीच्या दिवशी शोध लावतो. बायको त्याला 'शास्त्रज्ञ' म्हणते. त्याला ते कौतुक वाटतं.

मला त्याने ठेवलं औषधांच्या खणात, का, तर तिथे जागा होती. उघड्या अंगावर धूळ बसली, केस चिकटले, बिस्किटाचा चुराही पडला. शेजारी त्याच्या आईच्या बामची डबी, बरोबर माझ्याच मापाची. एकदा आईंनी चष्मा न लावता माझ्यातच बोट घातलं आणि गुडघ्याकडे नेलं.

"आई, थांबा! ती तुमची नव्हे, त्यांची!" सून ओरडली.

मग माझी बदली खिडकीत झाली, रणरणत्या उन्हात. मी निम्मी पातळ होऊन कडेने ओघळले. मालक म्हणाला, "हल्लीचा मालच असला."

पुढे आईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांनी अंथरूण धरलं. मालकाने त्यांच्यासाठी घंटी बनवली. उशाशी बटण, स्वयंपाकघरात घंटी, मध्ये एक छोटी पेटी आणि तिच्यात तारांचे चार जोड. त्या दिवशी मी जीव ओतून काम केलं. चारही जोड पहिल्या फटक्यात बसले.

"अहो, ते चिकट काय राहिलंय? पुसायचं नाही का?" सुनेने विचारलं.

"अगं, चकाकतंय बघ कसं! वार्निशसारखं आहे ते. उलट संरक्षणच होतं."

आणि त्याने पेटी बंद केली. संरक्षण म्हणे! मी आत जेवायला बसले होते.

तीन महिने घंटी वाजली. आई पाण्यासाठी दाबत, कधी नुसतंच कुणीतरी यावं म्हणून दाबत. मग सुट्टीच्या एका दुपारी वाजली नाही. त्यांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, अंगठ्याने दाबलं, तळहाताने दाबलं. त्यांची हाक आता उंबऱ्यापर्यंतही पोचत नाही. पाच पावलांवर मालक चहा गाळत होता. शेवटी पाण्याच्या भांड्यासाठी त्या स्वतःच वळल्या आणि खाली पडल्या. भांडं पडल्याच्या आवाजाने माणसं धावली.

हाड पुन्हा मोडलं नाही, मनगट तेवढं सुजलं. पण आई काय म्हणाल्या, ऐका. म्हणाल्या, "माझ्याच बोटात जोर राहिला नाही रे." मित्रांनो, चूक कुणाची आणि माफी कोण मागतंय! मला तोंड असतं, तर मी त्या घरात काय बोलले असते, ते तुमच्या पुस्तकात छापता आलं नसतं.

मालकाने घंटीची पेटी उघडली. चारही जोडांवर हिरवी बुरशी दिसावी तसा गंज, आणि एक तार तुटून लोंबत होती.

"पेस्टच बोगस निघाली," तो म्हणाला.

 सुनेने माझं झाकण घेतलं, स्क्रू टेबलावर ओतले, झाकण सुलटं केलं आणि त्यावरची दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचली. मग जुना टूथब्रश आणि स्पिरिटची बाटली त्याच्यापुढे ठेवली. "शास्त्रज्ञ, घासा."

त्याने घासलं. तुटकी तार नव्याने जोडली आणि तीही घासली. कापडाने पुसलं, वाळू दिलं, बोट फिरवून चिकटपणा नाही ना ते पाहिलं. सगळं मिळून एवढासा वेळ लागला. घासायला बसताना नव्याने गाळलेला चहा अजून कोमट होता.

तेव्हा मित्रांनो, मी तुम्हाला विनंती करत नाही, बजावते आहे. जोड चकाकला म्हणजे काम झालं असं समजू नका. आधी पुसा, मग मिरवा. मला औषधांत ठेवू नका, उन्हात ठेवू नका, आणि माझं झाकण माझ्याच डोक्यावर असू द्या.

माझ्या डोक्यावर ते आता आहे. सुनेने घट्ट फिरवून लावलं. आत अंधार आहे, बाहेरचं दबकं ऐकू येतं. घंटी मात्र खणखणीत ऐकू येते. दुरुस्तीनंतर ती पहिल्यांदा वाजली आणि मालक धावत गेला.

"काय हवंय, आई?"

"काही नाही. येतोस का ते बघितलं."